मायागढची मास्तरीण

मंडळाच्या स्मरणिकेसाठी कृष्णाबाई जगदाळेवर लिहायला घेतलंय म्हटल्यावर आमचे हे म्हणाले, "तू नको लिहूस. तुझ्या हातून तिखट जास्त पडतं." हे म्हणजे शांताराम देवस्थळी, केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त आणि आमच्या घरातले कायमचे न्यायाधीश. पडू दे तिखट. ती ज्यांना आवडायची त्यांचं गोडगोड बोलून झालेलं आहे. तिला निरखून पाहिलं ते मी. प्रेमाने माणूस माणसाकडे इतकं बारीक बघत नाही, हेव्याने बघतो. हेवा हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. "मतभेद", "शिकवण्याच्या पद्धतीतला फरक" असले सभ्य शब्द तेव्हा पुष्कळ वापरून झाले.

मी चंद्रप्रभा देवस्थळी. दिल्लीतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. रविवारी सकाळी दहा ते बारा करोलबागेजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये यूपीएससीच्या पोरांचा वर्ग घ्यायचे, फुकट. नांदुरबार, मेहकर, औसा, मंगळवेढा अशा गावांहून आलेली ही पोरं राजेंद्रनगरात एका खोलीत चौघं राहायची आणि पेपर मराठीतून द्यायची. माझ्या नोट्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघायच्या. एकदा एका पोराच्या हातात इतकी पुसट प्रत पाहिली की मला तिथेच भरून आलं.

दिवसही अर्थशास्त्राचे होते. एक्क्याण्णवनंतर जो तो उदारीकरणावर बोलायला लागला. आमच्या शेजारचे खुराणा क्वार्टर सोडून नोएडाच्या सोसायटीत गेले, वरचे बॅनर्जी वसुंधरातल्या फ्लॅटमध्ये. जाताना प्रत्येक जण पायऱ्यांवर थांबून मला विचारायचा, "मॅडम, ये ग्लोबलायझेशन ठीक चीज है ना?" मी उभ्याउभ्या अर्धा तास सांगायचे. ते मान हलवायचे आणि टेम्पोत बसून निघून जायचे. विचारण्याचं समाधान त्यांना आणि सांगण्याचं मला.

माझा एकच शत्रू होता आणि तो टीव्हीत राहायचा. रविवारी नऊ ते दहा 'मायागढ' नावाची मालिका लागायची. चेटकिणी, राक्षस, उडते घोडे, कुणाच्याही तोंडातून कधीही धूर. पोरं घरमालकाच्या टीव्हीपुढे ठाण मांडून ती शेवटच्या पाटीपर्यंत बघायची आणि माझ्या तासाला साडेदहाला उगवायची. मी दारातच सुनवायचे, "कलेक्टर व्हायचंय की राक्षस, ते एकदा ठरवा."

कृष्णाबाई मात्र वेळेवर यायची आणि मागच्या बाकावर बसायची. नाव पणजीचं ठेवलेलं, वय चौतीस. कराडजवळच्या खेड्यातली. नवरा संपतराव फौजेत नायब सुभेदार, राहायला दिल्ली छावणीत फॅमिली क्वार्टर. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं; मग जालंधर, झाशी, जबलपूर अशा बदल्यांबरोबर फिरत, दोन मुली वाढवत, तिने आधी बी.ए. आणि मग एम.ए. बाहेरून केलं. तेही अर्थशास्त्र घेऊन. पुढे जाऊन बी.एड.सुद्धा केलं. "बाई, मला समोर उभं राहून कुणी शिकवलंच नाही कधी," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "मी नुसती ऐकत बसते की." मी मोठ्या मनाने परवानगी दिली. तेव्हा मन मोठं होतं, कारण धोका काही नव्हता.

शहाण्णवच्या जानेवारीत भाचीच्या लग्नाला मी पुण्याला गेले, तर दोन रविवार वर्ग कृष्णाबाईवर सोपवला. नोट्स दिल्या, म्हटलं वाचून दाखव. परत आले त्या रविवारी गाडी उशिरा पोचली, मी स्टेशनवरून तशीच मंडळात गेले. जिन्यातच हसणं ऐकू आलं. माझ्या वर्गात अकरा वर्षांत कुणी हसलं नव्हतं. मी दाराशी उभी राहिले.

फळ्यावर कासव काढलं होतं. बऱ्यापैकी वाईट काढलं होतं, पण कासव होतं.

नंतर कळलं ते असं. मायागढच्या राजाला एक जादूचं कासव सापडतं. पाठीवर टिचकी मारली की तोंडातून सोन्याची मोहर पडते. राजा भला माणूस, तो सगळ्या प्रजेला मोहरा वाटत सुटतो. आणि भाग संपता संपता रोट्या भाजणारा भटियारा एका रोटीला पोतंभर मोहरा मागतो. मालिकेत सगळे म्हणतात, चेटकीण ज्वालिनीचा शाप लागला.

"शाप कसला डोंबलाचा?" कृष्णाबाई पोरांना विचारत होती. "तंदूर किती होते गावात?"

"तीन," पोरं म्हणाली.

"मोहरा वाटल्यावर किती झाले?"

"तीनच."

"मग रोट्या तेवढ्याच आणि मोहरा पोत्यांनी. भटियाऱ्याने काय करायचं? ज्वालिनी बिचारी घरी झोपली असेल."

मंगळवेढ्याचा हमीद मुलाणी माझ्याकडे दोन वर्षं येत होता. त्याने मला दारात पाहिलं आणि आनंदाने उठून उभा राहिला. "मॅडम, चलनवाढ आज कळली." मी ह्याच पोराला चलनवाढ तीन रविवार शिकवली होती, आकृत्यांसकट. अंगाचा तिळपापड झाला. मी हसून म्हणाले, "वा." प्रवासाची बॅग हातातच होती.

ही विद्या तिने छावणीत कमावली होती. तिथल्या फॅमिली वेल्फेअरच्या हॉलमध्ये एकच टीव्ही. जवानांच्या बायका मिळून मायागढ बघायच्या आणि ही त्यांना साक्षरतेचे धडे द्यायची. बायकांना धडे नको असायचे, गोष्ट हवी असायची. मग हिने गोष्टीतच धडे घातले. शाप उतरवणाऱ्या पाण्याची एकुलती एक विहीर राक्षसाच्या ताब्यात, म्हणजे मक्तेदारी. तहानलेला माणूस भाव कितीही चढला तरी पाणी सोडत नाही, म्हणजे अलवचिक मागणी. राजपुत्राला एकच वर मिळतो आणि तो आईला सोडवतो, तर राज्य गेलं, म्हणजे संधी खर्च. संधी खर्च शिकवताना म्हणे दोन बायका रडल्या. माझ्या विद्यार्थ्यांपैकी संधी खर्चाला कुणी रडल्याचं मला आठवत नाही. परीक्षेला रडलेत.

झालं. पोरांनी मंडळाकडे "ताईंचा तास" मागितला. लक्षात घ्या, मी मॅडम आणि ती ताई. मंडळाने माझा एक तास कापून तिला अकरा ते बारा दिला. महिन्याभरात माझ्या तासाला पोरं कमी आणि तिच्या तासाला जास्त व्हायला लागली. मी डोकी मोजायचे. शिकवता शिकवता मोजायचे, आणि आकृतीतला मागणीचा वक्र चुकायचे. घरी येऊन ह्यांना सांगायचे, "पोरांना करमणूक हवी, शास्त्र नको." हे म्हणायचे, "मग तूही कर की थोडी करमणूक." नवऱ्याने खरं बोलायचं नसतं, हे पस्तीस वर्षांत ह्यांना कळलेलं नाही.

केली मी करमणूक. हे भाजी आणायला गेले की टीव्हीचा आवाज बारीक करून मायागढ बघायला लागले. चार रविवार बघितलं, उशिरा निघून स्वतःच्या वर्गाला उशिरा पोचले. पाचव्या रविवारी तासाला एक उदाहरण घातलं, उडत्या घोड्याचं. घोडा कुणाचा हेच माझं चुकलं. पोरं हसली नाहीत. एकाने मला बरं वाटावं म्हणून हसल्यासारखं केलं, ते फार लागलं. पुन्हा म्हणून त्या वाटेला गेले नाही. ज्याचं त्याने करावं.

आता ह्यात कृष्णाबाईचा उद्धटपणा असता तर मला किती सोपं गेलं असतं. तो नव्हता. दर शनिवारी चार वाजता ती छावणीतून बस बदलून माझ्या घरी यायची. दोनशे पानी वही, त्यात उद्याचा धडा सुवाच्य अक्षरात. "बाई, तपासून द्या. माझं सगळं बाहेरून झालेलं. एखादी गोष्ट चुकीची शिकवली गेली तर पोरांचं वर्ष जाईल." मी लाल पेन घेऊन बसायचे. बरोबर असेल तिथे टिक. चूक सापडली की मला इतका आनंद व्हायचा की मी तो लपवायला चहा टाकायला उठायचे. पण वर्षभरात तीनच सापडल्या, आणि तिन्ही किरकोळ. ती प्रत्येक चूक माझ्यासमोर खोडायची, नीट लिहायची आणि "तुमच्यामुळे वाचले" म्हणायची. वर शेंगदाण्याची चटणी आणायची. चटणीही उत्तम असायची, आता काय सांगायचं.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत एका शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली. हातात वही आणि वर्तमानपत्रातलं कात्रण. फरीदाबादच्या नव्या सेक्टरात एक शाळा निघाली होती. चार मजले, कॉम्प्युटर लॅब, पिवळ्या बसगाड्या. अकरावी-बारावीला अर्थशास्त्राची शिक्षिका हवी होती, कायम. शाळेच्या आवारात दोन खोल्यांचं घर, आणि शिक्षिकेच्या मुलांना फी माफ.

"संपतराव मे अखेर रिटायर होतात," ती म्हणाली. "क्वार्टर सोडावं लागेल. हे मिळालं तर मुली इथंच शिकतील. थोरली आत्ता दहावीला बसतेय, तिला डॉक्टर व्हायचंय. नाही मिळालं तर गाव. गावात अकरावी सायन्स नाही, आणि सासूबाई म्हणतात, दहावी खूप झाली, स्थळं बघू. संपतराव आईपुढं बोलत नाहीत." एवढं बोलून तिने कात्रण माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, "मंगळवारी डेमो आहे. पोरांपुढं वीस मिनिटं शिकवून दाखवायचं. एवढा एकच धडा नीट बघून द्या."

माझ्या टेबलावर, वर्तमानपत्राखाली, त्याच शाळेचं पत्र पडलं होतं. मंगळवारच्या निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ह्याचं तेव्हा मी स्वतःला दिलेलं उत्तर असं, की नियमात बसत नाही.

धडा होता तुलनात्मक लाभाचा. दोन बहिणी चेटकिणी, थोरली ज्वालिनी आणि धाकटी मंदाकिनी. दिवसभरात ज्वालिनी बारा काढे उकळू शकते, नाहीतर सहा जादूचे आरसे घडवू शकते. मंदाकिनी चार काढे, नाहीतर चार आरसे. म्हणजे थोरली दोन्हीत सरस. तरीही दोघींनी कामं वाटून घेतली तर दोघींचा फायदा होतो. कुणी काय करायचं? तर एक आरसा करायला कुणाला किती काढे सोडावे लागतात ते बघायचं. हे अर्थशास्त्रातलं सगळ्यात देखणं गणित आहे. मी ते पंचवीस वर्षं शिकवलं आणि कुणाला देखणं वाटलेलं पाहिलं नाही.

आणि कृष्णाबाईने भागाकार उलटा केला होता. ज्वालिनीला एका आरशामागे दोन काढे सोडावे लागतात. हिने लिहिलं होतं अर्धा. त्यामुळे पुढचं सगळं उलटं. आरसे ज्वालिनीने करावेत, काढे मंदाकिनीने. नेमकं नको ते. घाईत होणारी चूक आहे, माझ्या एम.ए.च्या मुलीही करतात.

चूक मला पहिल्या झटक्यात दिसली. लाल पेन हातात होतं. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं, चूक दाखवली की ही ती खोडेल, मंगळवारी जाऊन त्या पोरांना कासवाच्या वेळेसारखं हसवेल आणि तिला माझ्या वर्गापेक्षा मोठी शाळा मिळेल, घरासकट. मी पानाच्या खाली टिक केली. शेजारी लिहिलं, "उत्तम." नुसती टिक पुरली असती, उत्तम कशाला लिहिलं देव जाणे. मग तिला चहा दिला.

मंगळवारी शाळेत मला समितीच्या टेबलामागे बघून ती दचकली, आणि मग तिचा चेहरा असा खुलला की मी पाण्याचा ग्लास उचलला. परक्या गावात घरचं माणूस दिसावं तसं तिला झालं असणार. टेबलाशी आम्ही तिघं. प्रिन्सिपल म्हणजे एक ठसठशीत पंजाबी बाई, ट्रस्टी म्हणजे फरीदाबादचा एक कारखानदार, आणि मी. समोर अकरावीची तीस मुलं.

तिने सुरुवात झकास केली. हिंदी तिचं फौजेतलं, खणखणीत. "मायागढ कौन कौन देखता है?" तीसच्या तीस हात वर. प्रिन्सिपलबाईंचाही हात थोडा हलला. तिने दोन बहिणी उभ्या केल्या, थोरलीचा तोरा, धाकटीची चिडचिड. मुलं पुढे सरकून बसली. मला आतून कुणी चिमटे काढत होतं. मग तिने फळ्यावर ते आकडे लिहिले आणि उलटा निष्कर्ष लिहिला. आधी अर्धा अर्धा दिवस दोन्ही कामं करत होत्या तेव्हा आठ काढे आणि पाच आरसे. आता वाटणी केल्यावर बघूया.

तिसऱ्या बाकावरची एक वेणीवाली मुलगी उठली. "मॅम, पहले आठ काढे थे, अब तो चार ही रह गए. आईना सिर्फ एक बढ़ा. फायदा किसका हुआ?"

कृष्णाबाई फळ्याकडे वळली. मग टेबलावरची वही उघडली, ते पान काढलं. पानावर बघितलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहू लागले. काय लिहीत होते? स्वतःचंच नाव लिहीत होते.

तिने वही मिटली. "बेटा, तुम सही हो," ती त्या मुलीला म्हणाली. "गलती मेरी है. आओ, साथ में ढूँढते हैं." खडू त्या मुलीच्या हातात दिला. एक आरसा करायला थोरलीचे किती काढे बुडतात? दोन. धाकटीचा? एकच. मग आरसे कुणी करायचे? अख्खा वर्ग ओरडला, मंदाकिनी. धाकटी चार आरसे करेल, थोरली एक आरसा करून उरलेला वेळ काढे उकळेल. आरसे पाचच राहिले आणि काढे आठाचे... त्या मुलीने दहा लिहायला खडू टेकवला आणि घंटा झाली. वीस मिनिटं संपली होती.

मी आयुष्यात इतका चांगला तास पाहिला नाही. हे मी आज लिहितेय. त्या दिवशी कृष्णाबाईला बाहेर बसवलं, दार लावलं, आणि ट्रस्टी म्हणाले, "मिस्टेक तो की इन्होंने." प्रिन्सिपलबाई इंग्रजीतून म्हणाल्या, "पण सावरलं किती छान. मला ही बाई पसंत आहे. मिसेस देवस्थळी, एक्सपर्ट तुम्ही. ही चूक हाताची, की कन्सेप्टच कच्चा आहे? हाताची असेल तर मी आत्ता ऑर्डर काढते."

भिंतीवर नवं घड्याळ होतं, त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं होतं. मला वेळ हवा होता तेवढा होता. कुणी घाई केली नाही.

"कन्सेप्ट," मी म्हणाले.

परतताना आम्ही दोघी एकाच बसने आलो, दुसरा इलाज नव्हता. फरीदाबादहून आश्रमपर्यंत, तिथून रिंगरोडवर गोल फिरणारी मुद्रिका बस. मी वाट बघत होते, आता विचारेल, मग विचारेल. तिने तिकिटं काढली, मला खिडकी दिली. लाजपतनगर गेल्यावर म्हणाली, "त्या पोरीला शेवटचं कळलं असेल का हो? दहा लिहायचं राहिलं तिचं." मी म्हटलं, कळलं असेल. सरोजिनी नगरला उतरताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी तिला शाळेचं नकाराचं पत्र मिळालं. शनिवारी चार वाजता बेल वाजली. मला वाटलं नव्हतं ती येईल. वही होती, पुढच्या धड्यांच्या आणखी तीन वह्या होत्या. ती बसली नाही.

"शाळेने नाही म्हटलं," ती म्हणाली.

हे आतल्या खोलीत होते. मी दार लोटून घेतलं आणि बोलून टाकलं, कारण आणखी एक दिवस पोटात ठेवणं मला शक्य नव्हतं. "कृष्णाबाई, तो उलटा भागाकार मला दिसला होता. टिक करताना."

"ठाऊक आहे, बाई. तिथं वही उघडली तेव्हाच कळलं. तुम्ही मान खाली घातलीत."

"पुढचं तुला ठाऊक नाही. त्यांनी मला विचारलं, चूक हाताची की समजुतीची. प्रिन्सिपल तुला घ्यायला तयार होत्या. मी समजुतीची म्हटलं."

हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिच्या हातातल्या वह्या तिने टेबलावर ठेवल्या, एकावर एक, कडा जुळवून. खूप वेळ जुळवत होती.

"मी सोमवारी जाते फरीदाबादला," मी म्हणाले. "खरं काय ते सांगते."

"जागा भरली. मी काल फोन केला होता, काही कमी पडलं का विचारायला. दुसरी कुणी रुजूसुद्धा झाली." मग तिने मला विचारलं, "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"काही नाही. तुला शिकवता येतं. मला येत नाही. पंचवीस वर्षं मला वाटत होतं येतं."

तिने निघण्याच्या बेताने पदर खांद्यावर ओढून घेतला. मला ते सहन होईना. "भांड तरी," मी म्हणाले. "मंडळात सांग. पोरांना सांग मी काय केलं ते."

"साधुसंत नाही मी, बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझ्या लेकीला आज सकाळी सांगितलं, गावी जायचं म्हणून. ती जेवली नाही. तुमचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही, उद्यापासून वर्गाला मी येणार नाही. पण पोरांची परीक्षा जूनमध्ये आहे. त्यांना हे सांगितलं तर तुमच्यापुढं एकजण तरी बसेल का? मग त्यांना मराठीतून कोण शिकवणार? दुसरं कोण आहे इथं?" तिने वह्यांवर हात ठेवला. "ह्यात जूनपर्यंतचे धडे आहेत. ती भागाकाराची जागा मी दुरुस्त केलीय. बाकीचं तपासलेलं नाही, ते तुम्ही तपासा. नीट तपासा."

चहाला न थांबता ती गेली. मी खिडकीतून बघत राहिले, बाजाराच्या गर्दीतून बस स्टॉपकडे जाताना तिचा अबोली पदर थोडा वेळ दिसला. लाज वाटत होती, ती तर वाटायलाच हवी होती. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते, की त्या लाजेच्याही वर हेवाच वाटत होता. माझ्या बाबतीत कुणी असं केलं असतं तर मी करोलबागेत दवंडी पिटली असती. पोरांची परीक्षा मला सुचली नसती. ते तिला सुचलं, एवढ्या रागातही सुचलं, आणि ते कुठल्याही वहीतून मला उतरवून घेता येणार नव्हतं.

रात्रभर नाही, पण मध्यरात्रीपर्यंत बसून मी चारही वह्या तपासल्या. चूक एकही नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवारी दहाला हॉलमध्ये गेले तर सगळे बाक भरलेले. तिला शाळा मिळाली असणार, असं धरून पोरं तिच्यासाठी पेढे घेऊन आली होती. हमीदने विचारलं, "मॅडम, ताई?"

"ताई गावी जायच्या तयारीत आहेत," मी म्हणाले. "त्यांनी तुमच्यासाठी वह्या दिल्यात."

सदतीस पोरं होती. मी सवयीने मोजली. माझ्या तासाला इतकी कधीच आली नव्हती, आणि त्यांतलं एकही माझ्यासाठी आलेलं नव्हतं. मी फळा पुसला, कृष्णाबाईची वही उघडली आणि तिने लिहिलं होतं तसं, शब्दाला शब्द, वाचायला लागले.